हौशी निरीक्षकाची वही

जत्रेला जाणाऱ्यांचे तीन प्रकार आपल्याकडे सांगतात : हौसे, नवसे आणि गवसे. नवशाचे काम देवाशी असते, गवशाचे दुसऱ्याच्या खिशाशी. हौशाचे मात्र कोणाशीच काम नसते. तो नुसता पाहायला आलेला असतो. त्यामुळेच की काय, मराठीत 'हौशी' हा शब्द थोडा हलका झाला आहे. हौशी नट म्हटला की पाठांतर कच्चे आणि हौशी गवई म्हटला की सूर कच्चा, असे आपण धरूनच चालतो. पण जत्रा खऱ्या अर्थाने कोणी पाहिली असेल, तर ती या हौशानेच. निसर्गाच्या जत्रेचेही काहीसे असेच आहे. आपल्या देशातील पशुपक्षी व वनस्पती यांच्याविषयी जे ज्ञान आज पुस्तकांत आहे, त्याचा फार मोठा भाग पोटासाठी दुसरेच काही काम करणाऱ्या माणसांनी जमवलेला आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विषय मराठी, इतिहास व समाजशास्त्र. तेव्हा हा विषय माझ्या हद्दीत कसा आला, असे विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना वाटणे स्वाभाविक आहे. खरे सांगायचे तर तो इतिहासाच्या तासाला आला. इतिहासाची साधने विश्वसनीय केव्हा मानावीत, हा धडा चालू असताना मनात आले की, एखाद्याने 'मी अमुक पक्षी पाहिला' असे लिहून ठेवले, तर तेही एक साधनच नव्हे काय? मग ते खरे की खोटे हे कोण ठरवणार, आणि कशावरून?

प्रथम थोडा इतिहास. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. या आठांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनौषधींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर, दिवसा रोगी तपासणारे. १८८६ पासून या संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि त्यात कलेक्टर, लष्करी अधिकारी, चहामळेवाले, रेल्वेचे इंजिनियर अशा नाना तऱ्हेच्या लोकांची टिपणे छापली जाऊ लागली.

आपले नागपूरही मागे नव्हते. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून या शहरात आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली धर्मप्रसारासाठी येथे आले. परंतु टाकळीच्या परिसरातील खडकांत त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले व नागपूरचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत गेले. 'हिस्लोपाइट' हे एका खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. १८६३ साली टाकळघाटजवळ पूर आलेला नाला ओलांडताना त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिलेली गोंड लोकांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. माणूस वाहून गेला, वह्या तेवढ्या राहिल्या. त्याच १८६३ साली सुरू झालेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे 'अजब बंगला', आपण लहानपणी भुसा भरलेला वाघ पाहायला जातो. त्याचे क्युरेटर डी'अब्रू यांनी १९३५ साली मध्यप्रांतातील पक्ष्यांची यादी सोसायटीच्या नियतकालिकात छापली होती. आज कोणाला नागपूरच्या पक्ष्यांत काय बदल झाला हे सांगायचे असेल, तर त्या यादीपर्यंत मागे जावे लागते.

आता सुगरणीचे उदाहरण घेऊ. सलीम अली यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. जर्मनीतून शिकून परत आल्यावर त्यांना नोकरीही मिळाली नाही, म्हणून ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात तेथे झाडाला लटकलेली सुगरण पक्ष्यांची घरटी त्यांच्या नजरेस पडली. शिडी लावून, आडोसा करून ते तासन् तास पाहत बसले आणि काय घडते ते वेळेसह टिपत गेले. त्यांना असे दिसले की घरटे विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहतात, एखादीला पसंत पडले तर ती ते ताब्यात घेते आणि नर उरलेले काम पुरे करतो. त्यानंतर हे महाशय दुसऱ्या घरट्याला हात घालतात, ते दुसऱ्या मादीसाठी! १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मराठीच्या विद्यार्थिनीला येथे गंमत वाटते ती अशी की, आपल्या भाषेने या पक्ष्याचे नावच 'सुगरण' ठेवले. घर नीटनेटके करणारी ती बाईच असणार, हे आपण आधीच ठरवून टाकले होते. बहिणाबाईंच्या सर्वांना ठाऊक असलेल्या कवितेतही पिलांसाठी घर बांधणारी 'ती'च आहे. कवितेला त्यामुळे काही उणेपणा येत नाही. तिचे बोलणे माणसांशी आहे. परंतु घरटे शेकडो वर्षे आपल्या विहिरींवर लटकत असताना ते कोण विणते, हे बसून पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली असावी. पाहणे आणि समजून चालणे यांत केवढे अंतर आहे!

परंतु या सर्व विषयाचे मर्म मला ज्या कथेत सापडले, ती आपल्या महाराष्ट्रातीलच वनपिंगळ्याची. आपल्या घराच्या वळचणीला, चिंचेच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, छातीवर गडद पट्टे, आणि तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. १८७२ साली ब्लूइट नावाच्या गृहस्थाने आजच्या छत्तीसगडच्या भागातून त्याचा पहिला नमुना मिळवला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्याचे वर्णन करून त्याला ब्लूइटचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम. पेशाने सनदी अधिकारी, पाखरांचे वेड विलक्षण. त्यांचे पक्ष्यांवरील हस्तलिखित त्यांच्या गैरहजेरीत शिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकले, तेव्हा त्यांनी हताश होऊन १८८५ साली आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. (रद्दीवाल्याने भारतीय पक्षिशास्त्राचे केलेले नुकसान कोणत्याच ग्रंथात पुरते मोजलेले नाही.)

ह्यूमनंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदा-शहादा भागात, १८८० नंतरच्या काही वर्षांत वनपिंगळ्याचे आणखी नमुने मिळवले. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधली. तीवर ठिकाण आणि तारीख. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी, जिवंत एकही नाही. नामवंत पक्षिशास्त्रज्ञांनी शोधले, ते रिकाम्या हाताने परतले.

एक नोंद मात्र १८८४ नंतरची होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात वनपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, १९१४. हे मांडवी गुजरातेत तापीच्या काठी. माणूस प्रतिष्ठित, संग्रह मोठा. शंका कोण घेणार? पण १९९० नंतर त्याच्या संग्रहाची कसून तपासणी सुरू झाली आणि भयंकर प्रकार उघडकीस आला. या गृहस्थाने संग्रहालयांतून इतरांनी जमवलेले पक्षी चोरले होते आणि त्यांना स्वतःच्या नावाच्या, खोट्या ठिकाणांच्या व खोट्या तारखांच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी त्या वनपिंगळ्याची पाहणी केली. कातडे सोलण्याची व भरण्याची प्रत्येकाची धाटणी हस्ताक्षरासारखी वेगळी असते. मांडवीच्या त्या पक्ष्याच्या अंगावर नव्या कामाखाली डेव्हिडसनच्या हाताची खूण सापडली. तो मुळी खानदेशातलाच, तीस वर्षांपूर्वीचा चोरलेला पक्षी होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला बनावट ताम्रपटांची सवय असते, पण येथे परिणाम पाहा. मांडवीची नोंद खरी धरावी तर शोध करणाऱ्याने गुजरातेत जावे लागते. ती खोटी म्हणून वगळली की उरतात त्या फक्त जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्या. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे त्या चिठ्ठ्यांच्या मागाने निघाले. आधी पूर्वेकडची ठिकाणे पाहिली, काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात, एका झाडावर दिवसाच्या उजेडात वनपिंगळा बसलेला होता! एकशे तेरा वर्षे तो कोठे गेलाच नव्हता. पुढच्या काही वर्षांत तोरणमाळला, आपल्या मेळघाटात आणि २०१४ साली तर मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. आज तो संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो, कारण त्याचे जुने सागवानी जंगल तुटत चालले आहे. पण तो आहे, हे ठाऊक असल्याने त्याचे जंगल वाचवा असे म्हणता तरी येते.

डेव्हिडसनने पक्षी बंदुकीने मारले, ही गोष्ट मला आवडत नाही. त्या काळची रीत म्हणून ती समजून घ्यावी लागते. आज बंदुकीची गरज उरलेली नाही. चिठ्ठी मात्र तीच हवी : काय, कोठे, केव्हा, किती, आणि कोणी पाहिले.

या शेवटच्या 'कोणी' बद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यात आमचे गाव. आईवडील दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणीला जातात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. उन्हाळ्याच्या सुटीत बोडीच्या पाळीवर टिटवीने घातलेली अंडी आईने मला दाखवली. घरटे असे नाहीच, खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी. आई म्हणाली, "टिटवी अंड्यायले पानी पाजते." मला हे लोककथेसारखे वाटले. पण मी ज्या ज्या दुपारी तेथे बसले, त्या दुपारी पाहिले ते असे : टिटवी अंड्यांवरून उठली, बोडीच्या काठाला पाण्यात गेली, पोट बुडवून घेतले आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसली. वैशाखातले ऊन! नंतर ग्रंथालयातील पुस्तकात वाचले की टिटवीच्या कुळातील पक्षी कडक उन्हात पोटाची पिसे भिजवून अंडी थंड ठेवतात, आणि शास्त्रज्ञांनी हे वर्तन नोंदवलेले आहे. म्हणजे आईचे पाहणे बिनचूक होते. 'पाजते' हे तिचे स्पष्टीकरण होते. अंड्याला तोंड नसते हे तिला कळत नाही असे थोडेच आहे! तान्ह्या लेकराला उन्हात जे हवे तेच अंड्याला हवे, एवढेच तिला सांगायचे होते.

टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा, सखल जागी घातली तर ओढ, असेही आमच्याकडे म्हणतात. हे विधान निराळ्या जातीचे आहे. ते आईने पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. माझ्या वहीत दोन उन्हाळ्यांची तीन घरटी आहेत; तेवढ्यावरून हो किंवा नाही म्हणणे हा आततायीपणा होईल. वीस वर्षे, वीस गावांतून कोणी अंड्यांची जागा आणि पावसाचा आकडा शेजारीशेजारी लिहिला, तर बोलता येईल. वहीचे दोन रकाने करावेत, असे म्हणूनच मला वाटते : एकात डोळ्यांनी पाहिले ते, दुसऱ्यात त्याचा अर्थ काय वाटला ते. आपली नेहमीची भाषा हे दोन्ही एका क्रियापदात कोंबते.

परंतु आईचे नाव कोठे येणार? जुन्या टिपणांत 'एका स्थानिक माणसाने सांगितले' असे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते. साहेबाचे नाव पक्ष्याला मिळते आणि साहेबाला झाडापर्यंत नेणारा 'स्थानिक' राहतो. याला सुखद अपवाद आपल्या विदर्भातच आहे. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या नवेगाव तलावाच्या काठचे माधवराव पाटील डोंगरवार हे शेतकरी गृहस्थ. त्यांच्याकडून आपण पाखरांविषयी पुष्कळ शिकलो, हे मारुती चितमपल्ली यांनी कृतज्ञतेने, नावानिशी लिहिले आहे. चितमपल्ली स्वतः वनाधिकारी, तेव्हा त्यांना काटेकोर अर्थाने हौशी म्हणता येणार नाही. पण नोकरीत कोणी त्यांना पक्ष्यांची नावे जमवायला सांगितले नव्हते. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वीणवसाहतीला 'सारंगागार' हे त्यांनी मराठीला दिलेले शब्द आहेत. त्यांचे वास्तव्य अनेक वर्षे नागपुरात होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरला त्यांचे निधन झाले.

व्यंकटेश माडगूळकर हे तर शिक्षणाने मॅट्रिकही नव्हते. नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून त्यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले. 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्यांतील सत्तेचा झगडा आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीवर बाहेरचा नर चाल करून येतो, ही गोष्ट साठीच्या दशकात सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळ पाहून शास्त्रीय रीतीने मांडलेली होती. दोघांचे पाहणे एकाच जातीच्या प्राण्याचे, पण कादंबरीवरून आपण तारीख विचारू शकत नाही आणि संशोधनपत्रिका वाचून आपल्या डोळ्यांत पाणी येत नाही. मला स्वतःला 'सत्तांतर' अधिक आवडते. मात्र उद्या न्यायालयात किंवा सरकारदरबारी एखाद्या रानाची बाजू मांडायची झाली, तर कादंबरी घेऊन जाता येणार नाही.

आणि ती वेळ येते. आमच्या भागातील माजी मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्या हे महाराष्ट्रातील सारस पक्ष्याचे अखेरचे घर आहे. गोंदिया, भंडारा आणि थोडासा चंद्रपूर, एवढेच. गोंदियाची 'सेवा' ही निसर्गप्रेमींची संस्था, वनखाते आणि शेतकरी मिळून दर वर्षी त्यांची मोजणी करतात. पहाटे एकाच वेळी वेगवेगळ्या तलावांवर माणसे बसतात, म्हणजे उडून गेलेली जोडी दोनदा मोजली जात नाही. सारस किती उरले, हा आकडा अशा फुकट जागलेल्या पहाटांतून येतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी टिपण्याची प्रथाही विदर्भात जुनी आहे. वाघांची गणना आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, त्यामुळे मचाणाचा कार्यक्रम 'निसर्गानुभव' म्हणून उरला आहे आणि त्याला शुल्क पडते. शुल्क आणि वसतिगृहाची रात्रीची परवानगी, या दोन्ही गोष्टी आमच्यापैकी पुष्कळ मुलींच्या आवाक्याबाहेरच्या. पण मचाण नसले म्हणून अडत नाही. जानेवारीत देशोदेशी पाणपक्ष्यांची गणना होते (ती १९८७ पासून चालू आहे), आणि तिला अंबाझरी किंवा गोरेवाड्याचा काठ व एक सकाळ पुरते. मोबाइलवर 'ई-बर्ड'सारखी सोय आहे. त्यात टाकलेली नोंद जगात कोठेही वाचता येते आणि चुकीची वाटल्यास जाणकार उलट विचारतात, हे मला फार मोलाचे वाटते. माइनर्ट्‌झहागेनला कोणी उलट विचारले नव्हते.

आमच्या वर्गातल्या सहा जणांनी यंदा एक जाड रजिस्टर घातले आहे. महाविद्यालयाच्या आवारातील पळसाचे पहिले फूल, पावशाचे पहिले 'पेरते व्हा', फाटकाजवळच्या कडुनिंबावर झोपायला येणारे कावळे, असे जे दिसेल ते त्यात लिहायचे. रकाने सहा आहेत : तारीख, वेळ, जागा, काय पाहिले, काय वाटले, आणि प्रथम कोणी दाखवले. सहाव्या रकान्यात आतापर्यंत सर्वांत जास्त वेळा आलेले नाव आमच्या बागेच्या माळीकाकांचे आहे. रजिस्टर ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवलेले असते. प्राध्यापकांनीही लिहावे. पेन आपापले आणावे. दोरीने बांधलेले दोन पेन आजवर गेले.